अठ्ठ्याऐंशी यार्ड

चेंडू उंचावरून ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पडला की गवतात खड्डा पडतो. तो खड्डा बुजवणं हे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या कॅडीचं काम. दोन दातांची छोटी काटी घ्यायची, कडेची माती आत ओढायची आणि वरून पायाने हलकेच दाबायचं. सव्वीस वर्षं मी हे करते आहे. नुसता खड्डा बघून चेंडू कसा आला ते मला सांगता येतं. वरून उतरला असेल तर खड्डा वाटीसारखा गोल आणि खोल, खालून सरपटत आला असेल तर लांबट आणि उथळ. आणि तरी आठ महिने माझ्या भाचीचे खड्डे लांबट होत होते आणि मी ते मुकाट्याने बुजवत होते. मी कुणाकुणावर चिडले आहे ते पुढे येईलच, पण पहिला नंबर माझाच आहे.

मी शैला बोत्रे. आमचा गोल्फ कोर्स दिवेघाटाच्या वर, सासवडच्या अंगाला. सोमवारी तो मेंबरांसाठी बंद असतो आणि त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा असते. रेवा, माझ्या भावाची मुलगी, आठ वर्षांची असताना अशाच एका सोमवारी माझ्यामागे आली. तिच्या आईबापांची शेवंतीची शेती, त्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. माझी कापून आखूड केलेली स्टिक तिने हातात घेतली, आणि चौथ्याच फटक्याला चेंडू असा सरळ गेला की मी घरी जाऊन भावाला म्हटलं, ही मुलगी आता माझी. बाराव्या वर्षी मी तिला दोन जुन्या वेज मिळवून दिल्या. त्याच घेऊन ती राज्यात पहिली आली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॅगेत चौदा स्टिका नेता येतात, पंधरावी सापडली तर दंड. म्हणून पहिल्या टीवर, खेळ सुरू करायच्या जागी, मी मोठ्याने मोजते आणि शेवटी रेवा म्हणते, ‘चौदा.’ हा आमचा बारा वर्षांचा रिवाज. वेज म्हणजे जवळच्या अंतराची स्टिक. तिचं तोंड आकाशाकडे कललेलं असतं. कल जास्त असेल तर चेंडू उंच जाऊन जवळ पडतो, कल कमी असेल तर खालून जाऊन लांब पडतो. रेवाच्या बावन्न अंशांच्या वेजने चेंडू अठ्ठ्याण्णव यार्ड जायचा, अठ्ठावन्न अंशांच्या वेजने अठ्ठ्याहत्तर. मधल्या वीस यार्डांना स्टिकच नव्हती. अठ्ठ्याऐंशी यार्ड आले की मी हळूच म्हणायचे, ‘पाऊण हात.’ म्हणजे बावन्नची वेज घ्यायची आणि हात खांद्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. दहातले सात चेंडू झेंड्याजवळ पडायचे. बाकीच्या तिनांपायी आम्ही स्पर्धा हरायचो.

त्या तीन चेंडूंची तूट भरून काढायला मागच्या ऑगस्टमध्ये समांतर स्पोर्ट्स नावाची कंपनी आली.

कंपनीचा इंजिनिअर निनाद करंबेळकर, तिशीचा, मऊ बोलणारा. त्याने रेवाला तीन काळ्या वेज दिल्या आणि मला समजेल असं समजावलं, एवढं श्रेय त्याला देते. वेजच्या मानेत निकेल आणि टायटॅनियमचा स्मरणधातू होता. या धातूला आकार शिकवून ठेवता येतो. ठरावीक ऊब दिली की तो शिकवलेल्या आकाराकडे वळतो आणि थंड झाला की तिथेच घट्ट बसतो. बॅग चार्जिंगच्या स्टँडवर ठेवली की त्या मानेतून वीज जाई आणि वेजचा कल पाव-पाव अंशाने बदलता येई. किती बदलायचा, हे रेवाच्या हातावरची पट्टी ठरवायची. कोपरापासून मनगटापर्यंत कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी. मेंदूकडून स्नायूंना जाणारा विजेचा इशारा ती वाचायची. आज हात किती जोर लावणार याचा हिशेब करून यंत्र खेळाआधी तिन्ही वेज लावून ठेवायचं. खेळ सुरू झाल्यावर कल बदलायला नियमाने बंदी होती, आधी मात्र मोकळीक.

“झोप कमी झाली, थंडी पडली, हात दमले, काहीही होवो,” निनाद म्हणाला, “नव्व्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याहत्तर. दोन वेजमध्ये नेमके अकरा यार्ड. मध्ये पोकळी म्हणून राहणार नाही.”

तिसऱ्या वेजसाठी बॅगेतून पाच नंबरचा वुड, म्हणजे लांब मारायची जाड तोंडाची स्टिक, काढावा लागला. त्यावरून मी भांडले. वाऱ्यात लांब मारायचं तर तोच वुड कामी येतो, असं माझं म्हणणं. रेवा हसून म्हणाली, “आत्या, तुला नवीन काही आलं की पोटात दुखतं.” मग ती लागोपाठ दोन स्पर्धा जिंकली आणि मी भांडायचं सोडलं. माझ्या वहीत मी प्रत्येक फटक्याचं अंतर लिहिते. अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. पानंच्या पानं तशीच. इतर कॅडींना मी ती कौतुकाने दाखवत होते.

चेंडू पूर्वीपेक्षा खालून जातो, हे मला दिसत होतं. विचारलं तर निनाद म्हणाला, नवीन वेजचा तो गुणच आहे, वाऱ्यात बरं पडतं. पटलं मला. खड्डे लांबट होत गेले, चेंडू पडल्यावर चार पावलं पळायला लागला, तेही पटवून घेतलं.

एप्रिलमध्ये आमच्याच कोर्सवर आशियाई दौऱ्याच्या कार्डासाठी चार दिवसांची पात्रता स्पर्धा लागली. पहिल्या दहांना कार्ड. कार्ड म्हणजे वर्षभर परदेशी स्पर्धांत खेळायचा परवाना. त्यासाठीच रेवाचं सगळं आयुष्य चाललं होतं. दुसऱ्या दिवशी नवव्या ग्रीनवर मी तिचा खड्डा बुजवायला बसले आणि काटी हातातच राहिली. तो खड्डा नव्हताच. गवतावर नुसतं खरचटलं होतं.

खेळ संपल्यावर मी चोपन्न अंशांची मधली काळी वेज घेऊन इब्राहिमभाईंकडे गेले. ते कोर्सच्या मागच्या शेडमध्ये स्टिका दुरुस्त करतात. त्यांच्याकडे कल मोजायचं जुनं पितळी यंत्र आहे. त्यांनी वेज अडकवली, चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा अडकवली.

“शैलाबाई, याच्यावर चोपन्न कोरलंय ना?”

“मग?”

“एकोणपन्नास हाय. पाच अंशांनी वळवलीय कुणीतरी.”

पाच अंश! एवढ्या फरकाने वेज चांगली सोळा-सतरा यार्ड लांब मारते. रेवाचा चेंडू मात्र एक यार्डही लांब जात नव्हता. मग ते सोळा-सतरा यार्ड गेले कुठे? मी शेडच्या पायरीवर बसून पुन्हा पुन्हा तेच मनात घोळवलं. उत्तर एकच होतं. ते तिच्या हातातून गेले होते.

निनाद कँटीनमध्ये चहा पीत होता. मी वेज त्याच्यापुढे आपटली. तो दचकला नाही. उलट खूश होऊन त्याने टॅबलेट उघडला. पडद्यावर दोन रेषा होत्या, एक सरळ आणि एक उताराला लागलेली.

“ही सरळ रेघ म्हणजे अंतर. आणि ही खाली गेलेली, रेवाच्या डाव्या हाताचा इशारा. सप्टेंबरपासून एकतीस टक्के उतरलाय, ताई, आणि अंतर बघा! आमच्या सगळ्या खेळाडूंत इतका सुंदर आलेख दुसरा नाही.”

“सप्टेंबरपासून तुम्हाला दिसतंय?”

“सिस्टिमला दिसतंय.”

“आणि तिला सांगितलं नाही?”

“खेळाडूच्या मनावर परिणाम होतो. शिवाय करारातच आहे, हे क्रीडासाहित्य आहे, वैद्यकीय उपकरण नव्हे. आजाराबद्दल आम्ही काही बोललो तर आम्हीच अडचणीत येऊ.” मग जरा पुढे झुकून म्हणाला, “हेच तंत्र आम्ही स्कूटरच्या ब्रेकमध्ये आणतोय, म्हाताऱ्यांच्या काठीत आणतोय. आपण कमी पडतोय हे माणसाला जाणवणारच नाही. केवढी मोठी गोष्ट आहे!”

मी त्याच्यासमोरचा चहा त्याच्या टॅबलेटवर ओतला. अख्खा कप. माझा राग सगळ्या कोर्सला ठाऊक आहे, त्यामुळे कुणी मध्ये पडलं नाही. पुसायला फडकं मात्र मीच आणलं, कँटीनच्या मावशींचा त्यात काय दोष?

तिसऱ्या दिवशीची फेरी दुपारी संपली. रेवा सहावी होती. मी तिला हात दाखव म्हटलं. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये, जिथे मांसाचा उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. करंगळीला मुंग्या येतात, असं ती दिवाळीत एकदा म्हणाली होती. मी म्हटलं होतं, ग्रिप घट्ट धरत असशील.

तिला मी जवळजवळ ओढतच डॉक्टर मुळगुंदांकडे नेलं. हाताच्या सर्जन. त्यांनी एक साधा कागद रेवाच्या अंगठ्यात आणि बोटात धरायला दिला आणि हलकेच ओढला. कागद सुळकन निघून आला. पुन्हा धर म्हणाल्या, पुन्हा निघाला. मग विजेच्या तपासण्या झाल्या. कोपराच्या मागे, जिथे काही आपटलं की झिणझिण्या येतात, तिथे नस दाबली गेली होती.

“सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन करा,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर गेलेला स्नायू परत येईल असं मी सांगणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात आला असता तर कदाचित कोपराला पट्टा बांधूनच भागलं असतं. इतके दिवस काही जाणवलं कसं नाही?”

जाणवू दिलं नाही, असं मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कुणावर? वही माझीच होती.

बाहेर गाडीपाशी रेवा हसायलाच लागली. “सहा आठवडे! उद्या कार्ड मिळालं की सोमवारी थायलंडला जायचंय मला. ऑक्टोबरपर्यंत बावीस स्पर्धा आहेत. ऑक्टोबरात करू.”

“ऑक्टोबरात हात राहील का तुला? बाई काय म्हणाली ऐकलं नाहीस?”

“त्या गोल्फ खेळत नाहीत, आत्या.”

“मी तर खेळते ना? अगं, तुझ्या वेज त्यांनी वाकवल्यात. पाच अंश!”

“मग काय झालं? चष्मा लावतेस ना तू? मी काही तुला डोळे गेले म्हणते का?” तिचा आवाज चढला. “चेंडू जिथे पडायला पाहिजे तिथे पडतोय. बारा वर्षं तू मला एकच शिकवलंस, चेंडूवर विश्वास ठेव. आता चेंडू सांगतोय हात ठीक आहे, आणि तू म्हणतेस कागद निसटला!”

हे तिला मीच शिकवलं होतं. मला इतका संताप आला की गाडीच्या टपावर मी हात आपटला आणि माझ्याच हाताला लागलं. ती आत बसली आणि तिने दार ओढून घेतलं.

सोमवारी ती गेली की मी काय करणार होते? तिथे प्रत्येक सकाळी बॅग स्टँडवर चढणार, वेज आणखी पाव अंश वाकणार आणि चेंडू अठ्ठ्याऐंशीच यार्ड जाणार. हात पार निकामी होईपर्यंत अठ्ठ्याऐंशी.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी कोर्सवर पोचले. तीन काळ्या वेज बॅगेतून काढून लॉकरमध्ये ठेवल्या. त्यांच्या जागी दोन जुन्या वेज ठेवल्या, तिला बाराव्या वर्षी दिलेल्या, गंजाचे ठिपके आलेल्या, आणि तो पाच नंबरचा वुड. त्याच्यावर दुसऱ्या स्टिकेचं कव्हर चढवलं. पहिल्या टीवर मी नेहमीसारखी मोठ्याने मोजायला लागले. तिचं लक्ष झेंड्याकडे होतं.

“...बारा, तेरा.”

“चौदा,” रेवा म्हणाली.

आकडा खरा होता.

पहिल्या दोन होलना वेज लागली नाही. तिसऱ्या होलला ग्रीनच्या पुढे तळं आहे. दुसरा फटका मारून झाल्यावर झेंडा राहिला अठ्ठ्याऐंशी यार्डांवर. तिने मागे न बघता हात पसरला. मी त्या हातात जुनी बावन्नची वेज ठेवली.

तिने ती पाहिली. मग बॅगेत पाहिलं. मग माझ्याकडे. बाकीच्या दोघी खेळाडू वीस पावलांवर उभ्या होत्या, म्हणून ती कुजबुजली, पण ती कुजबुज माझ्या अजून कानात आहे.

“माझ्या वेज कुठायत?”

“लॉकरमध्ये.”

“आत्ताच्या आत्ता आण.”

“चौदा घेऊन सुरुवात केलीस. आता बदलता येत नाही.”

“तू... तुला वेड लागलंय का आत्या? आज? आजच?”

“मार,” मी म्हटलं. “पाऊण हात नको. पूर्ण मार. हिने अठ्ठ्याण्णव जातात, दहा जास्तीच जातील. पाण्यात पडायचा प्रश्नच नाही. हात ठीक आहे ना तुझा? मग मार.”

तिने मला जे म्हटलं ते लिहिणार नाही. मग ती वळली, उभी राहिली आणि सगळा राग त्या फटक्यात घातला. मी तिचे लाखभर फटके ऐकलेत. हा अगदी स्वच्छ लागला होता, तोंडाच्या मधोमध. चेंडू उंच गेला, सुरेख गेला, आणि पलीकडच्या काठाच्या तीन-चार यार्ड अलीकडे तळ्यात पडला.

पाण्यावरची वर्तुळं काठाला लागून संपली तरी ती हलली नाही. मग तिने डावा हात समोर धरून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

पुढचे पंधरा होल ती खेळली. मला वाटलं होतं सोडून देईल. नाही दिलं. माझ्याकडून ती स्टिका घेत होती, पण अंतर विचारत नव्हती, स्वतः पावलं मोजत होती. बाराव्याला वाऱ्यात तिने तो वुड मारला आणि एक फटका वाचवला. शेवटी ती अकरावी आली. एका फटक्याने कार्ड गेलं.

आकड्यांवर सही करून ती बाहेर आली. मी बॅग घेऊन उभी होते. माझ्या मनात होतं की आता ती रडेल आणि मी तिला जवळ घेईन. मूर्खपणा माझा.

“त्यांनी मला न सांगता माझ्या वेज बदलल्या,” रेवा म्हणाली. “आणि तूही मला न सांगता माझ्या वेज बदलल्यास. फरक काय सांग.”

 तो मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी तिला दिसू देण्यासाठी बदलल्या आणि त्यांनी झाकण्यासाठी, असं मी नंतर स्वतःला शंभरदा समजावलं. पण कार्ड तर गेलंच, आणि ते मी घालवलं.

ऑपरेशन नऊ दिवसांनी झालं. भावजयीने फोन करून सांगितलं, येऊ नका, ती नको म्हणतेय. समांतरने रेवाचा करार मोडला आणि एक पत्रक काढलं. शेवटच्या दिवसापर्यंत खेळाडूच्या अंतरात एका यार्डाचाही फरक पडलेला नव्हता, असं त्यात अभिमानाने लिहिलं होतं. ते पत्रक मी इब्राहिमभाईंच्या शेडच्या दाराला खिळ्याने ठोकलं. मग काळ्या वेज वापरणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या कॅडीला हाताला धरून आणलं आणि त्याच्यासमोर त्या पितळी यंत्रावर मोजून दाखवलं. एकूण सतरा बॅगा. तिघांच्या वेज वाकलेल्या निघाल्या. एकाला खांद्याचा आजार होता, एकीला गाठ होती, आणि साठीचे एक मेंबर माझ्यावरच भडकले, म्हणाले, मला कळायलाच नको होतं. त्यांच्याशीही मी भांडले.

माझा चष्माही आपोआप नंबर बदलणारा होता. रेवाने गाडीपाशी म्हटलं ते डोक्यातून जात नव्हतं, म्हणून डोळे तपासून घेतले. दोन्हीकडे मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काही जाणवलं नाही का?

सात महिने गेले. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मी सरावाच्या मैदानावर चेंडू गोळा करत होते. रेवा आली. डाव्या कोपराला लांब वण. हातात अठ्ठावन्नची जुनी वेज. ती खूप बारीक झाली होती.

“मी तुझ्याशी बोलायला आलेली नाही,” ती म्हणाली. “मला अंतर मोजून देणारं माणूस पाहिजे.”

“मोजते,” मी म्हटलं.

तिने चेंडू ठेवला. ज्या वेजने ती अठ्ठ्याहत्तर यार्ड मारायची त्याच वेजने तिने पूर्ण ताकद लावली. चेंडू उडाला आणि खूप जवळ पडला. मी चालत गेले, एकेक पाऊल मोजत. सव्वीस वर्षांत माझं पाऊल एका यार्डाला कधी कमी-जास्त झालेलं नाही. छत्तीस. मी मागे वळून पाहिलं. ती डावा हात उजव्या हातात धरून उभी होती. ओठ घट्ट मिटले होते.

“किती?”

“अडतीस,” मी ओरडले.

ती सरळ चालत माझ्याकडे आली, पावलं टाकत, खाली बघत. माझ्यासमोर येऊन थांबली तेव्हा तिचे डोळे रागाने पेटले होते.

“छत्तीस आहेत.”

“रेवा...”

“छत्तीस आहेत, आत्या! दोन कुठून आणलेस?” ती आणखी एक पाऊल पुढे आली. “माझ्यावर दया करायची असेल तर घरी जा. छत्तीसला छत्तीस म्हणता येत असेल तर थांब.”

मी खाली बसले आणि काटी काढली. गवतात तिच्या चेंडूचा खड्डा होता, बोराएवढा, पण गोल. मी तो बुजवला आणि वही उघडली.

“छत्तीस,” मी मोठ्याने म्हटलं आणि लिहिलं.

तिने वहीत डोकावून आकडा वाचला, आणि दुसरा चेंडू मारायला परत गेली.